नावापुढचा क्रूस

प्रुफावर सही ठोकून हासिंता दुकानाबाहेर पडली तेव्हा ती चांगली खुशीत होती, आणि तिनं खुशीत असायला हरकतही नव्हती. सान्तो दोमिंगो चौकाच्या कमानींखाली पत्रिका छापणारी जेवढी दुकानं होती, त्यांतल्या निम्म्याअधिक दुकानांच्या दर्शनी भागात तिचंच अक्षर टांगलेलं होतं. लग्नं, बाप्तिस्मे, पोरींचे पंधरावे वाढदिवस, पदवीदान, कुठल्याशा साहेबाची निवृत्ती. नमुन्याच्या त्या पत्रिकांवरची माणसं खोटी, तारखा खोट्या, देवळंसुद्धा कुणी मनानं रचलेली. अक्षर मात्र खरं आणि ते तिचं. विद्यापीठात विद्यार्थी तिला मायेस्त्रा, म्हणजे बाई, म्हणत, म्हणून इथले छापखानेवालेही म्हणत, आणि गिऱ्हाईक आलं की विचारत, "साधं टाकू की मायेस्त्राचं टाकू?" गिऱ्हाईक बहुतेक वेळा मायेस्त्राचंच मागे. त्या फॉन्टला तिनं रीतसर एक नाव दिलं होतं. ते नाव या चौकात कुणाला ठाऊक नव्हतं. याचा तिला राग नव्हता. उलट, नाव विसरलं जाऊन वस्तू उरली म्हणजे ती वस्तू पक्की झाली, असं ती मानायची. आज तर तिनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतःच्या अक्षरात पास केली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या बाईनं जरा मिरवलं तर बिघडलं कुठे?

कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिनं हिकामाच्या, त्या पांढऱ्या रसाळ कंदाच्या, फोडींचा पेला घेतला. वर लिंबू, वर तिखट, बाईनं विचारायच्या आत "अजून घाल" म्हणून झालं. खात खात ती कारंज्याकडे निघाली. डोळ्यांपुढे ते पान अजून होतं. खूप वेळ रोखून पाहिलेलं पान तिच्या डोळ्यांतून लगेच जात नसे, थोडा वेळ तिच्याबरोबर चालत असे. मधोमध तिचं आणि आबेलार्दोचं नाव, लफ्फेदार, एकमेकांत न गुंतता एकमेकांकडे झुकलेलं; वर डावीकडे तिचे आईबाप, उजवीकडे त्याचे. त्याच्या आईवडिलांच्या नावापुढे एकेक बारीक क्रूस, कारण दोघंही वारलेले. डावीकडे आईची लांबलचक ओळ, ओर्तेन्सिया रूएदा विल्यासेन्योर, आणि तिच्यावर बाबांची आखूड ओळ, फेर्मीन ओल्वेरा पास, आणि त्या ओळीच्या शेवटी काहीतरी बारीक, नाजूक, जागच्या जागी बसलेलं. हासिंता थांबली. तोंडातली फोड तिनं चावली नाही. तो क्रूस होता. छापखान्यातल्या दिव्याखाली, डोळे बारीक करून, पान एकदा जवळ आणि एकदा हातभर लांब धरून, समाधानानं मान डोलवून तिनं आपल्या बापाला मृत म्हणून पास केलं होतं.

तिनं मजकूर दिला होता त्यात क्रूस नव्हता. आबेलार्दोनं महिन्याभरापूर्वी विचारलं होतं, "तुझ्या वडिलांचं काय लिहू?" आणि ती म्हणाली होती, "नाव लिही." एवढंच. त्यानं नाव लिहिलं. तो भला माणूस, गाईघोड्यांचा डॉक्टर, जखम दिसली तरी हात लावण्याआधी जनावराला हुंगू देणारा. त्यानं पुढे काही विचारलं नाही. क्रूस टाकला असणार छापखानेवाल्या दॉन लिब्रादोनं. तीस वर्षं तो तिला ओळखत होता. तिची आई दुकानात आलेली त्यानं पाहिली होती, तिच्या हातची लोणची खाल्ली होती, पण बाप कधी पाहिला नव्हता, बापाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या हिशेबी जो बाप इतकी वर्षं कुठल्याही समारंभात दिसत नाही आणि ज्याच्याविषयी बायको एक शब्द बोलत नाही तो वारलेला असतो. शहाण्या छापखानेवाल्यानं तिथे विचारून जखम उकलायची नसते, गुपचूप क्रूस टाकायचा असतो. त्यानं तिच्यावर माया केली होती. चूक असलीच तर ती मायेची होती.

बरं मग, मागे वळायचं. त्यात काय? दॉन लिब्रादो जेवल्याशिवाय यंत्राला हात लावत नाही हे सगळ्या चौकाला ठाऊक होतं. बायकोनं पाठवलेला डबा, वर कॉफी, वर दातात काडी घालून घटकाभर गप्पा. वेळ भरपूर होता. एक शब्द सांगायचा, तो काढून टाकणार, आपण घरी जाणार. हासिंता अशा गोष्टींत कधी अडखळत नसे. छापून झालेल्या पाचपाचशे पत्रिका तिनं एका टिंबासाठी रद्दीत घालायला लावल्या होत्या, आणि छापखानेवाल्यानं तोंड वाकडं केलं तर त्याच्याकडे पाहून हसली होती. पण पाय वळेनात. ती कारंज्याच्या कठड्यावर बसली, पेला शेजारी ठेवला, आणि पाय का वळत नाहीत याचा तिनं शोध घेतला, तेव्हा तिला जे सापडलं ते तिला मुळीच आवडलं नाही. पान सुंदर होतं. क्रूसामुळे सुंदर होतं. उजवीकडच्या दोन्ही ओळी क्रूसावर संपत होत्या. डावीकडे बाबांची ओळ इतकी आखूड, की क्रूस नसता तर ती बाजू वरून तुटल्यासारखी दिसली असती. त्या एवढ्याशा खुणेनं वरच्या दोन ओळी सारख्या झाल्या होत्या, खाली आईची लांब ओळ त्यांना तोलून धरत होती, आणि सगळं पान शांत उभं होतं. तिच्या डोळ्यानं ते पाहिलं होतं आणि डोळ्यानं हो म्हटलं होतं. मनाला कुणी विचारलंच नव्हतं.

विद्यार्थ्यांना ती हेच तर शिकवायची. वाचू नका, बघा. शब्द वाचायला लागलात की अक्षर दिसायचं बंद होतं. पान उलटं धरा, आरशात धरा, डोळे मिटत आणा. पोरं भारावून जात. आपण हे कुठून शिकलो ते तिनं त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण ते कुठल्या शाळेत शिकलेलं नव्हतं. बाबा बस चालवायचे. पुढच्या काचेवर ते आतून, बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं, गावांची नावं लिहायचे. बाहेरून लिहिलं की वाटेतली पोरं बोटानं अर्धी अक्षरं पुसून अचकटविचकट शब्द करत, म्हणून आतून. आणि आतून लिहायचं तर उलटं लिहायला हवं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला सुलटं दिसेल. बाबांचं हस्ताक्षर अगदीच गचाळ, घरातल्या यादीवर त्यांनी लिहिलेलं आईलासुद्धा लागत नसे. पण काचेवर उलटं लिहिताना त्यांचा हात असा काही चाले की पाचसहा वर्षांची हासिंता इंजिनाच्या गरम झाकणावर बसून बघतच राही. ला मेर्सेद. त्लाल्पान. इस्तापालापा. तिनं ही नावं आधी उलटी पाहिली, पाठीमागून उजेड येणारी, नुसते आकार, आणि कितीतरी महिन्यांनी शाळेत ती सुलटी वाचली तेव्हा तिला ती चुकीची वाटली होती. शाळेत नन होत्या, त्यांची ती गोलगरगरीत, अक्षराला अक्षर जोडून लिहायची लिपी होती, मनगट टेकवायचं नाही, सगळा दंड हलला पाहिजे. आईचंही अक्षर तसंच, त्याच ननांनी घोटून घेतलेलं, किराणा मालाच्या चिठ्ठीवरही देखणं. पुढे फॉन्ट करायला बसली तेव्हा लहान अक्षरं तिनं आईच्या हातावरून घेतली होती, मुलाखतींमध्ये तसं सांगितलंही होतं, आणि आई ते कात्रण पाकिटात घालून हिंडली होती. म्हणजे आजच्या पानावर बाबा मेले ते आईच्या अक्षरात मेले, हे आत्ता कारंज्यावर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं. ती स्वतःशीच हसली. हसू फार टिकलं नाही.

तिनं आईला फोन लावला. पलीकडे तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

"झाली का गं पत्रिका?"

"झाली. आई, पपांच्या नावापुढे क्रूस पडलाय."

"कुणाच्या?"

"पपांच्या."

"मग?"

"मग काय? ते वारलेत का?"

"मला काय माहीत? मी काय वर जाऊन हजेरी घेते?" तव्यावर काहीतरी उलटल्याचा आवाज आला. "तूच टाकायला सांगितलास का?"

"नाही. दॉन लिब्रादोनं आपणहून टाकला."

"शहाणा माणूस आहे. राहू दे."

"आई!"

"आई आई काय करतेस? जरा विचार कर. क्रूस नसला तर दारापासून वेदीपर्यंत बाया मला विचारणार, फेर्मीन कुठे दिसत नाहीत, वाटेत आहेत का? पुढच्या बाकावर शेजारची जागा मोकळी सोडून बसू का मी? नवरीचा बाप येतोय म्हणून? क्रूस असला की लोक खांद्यावर हात ठेवतात आणि पुढे सरकतात. मला खांद्यावर हात चालेल."

"मग नावच नको छापायला."

"खबरदार! म्हणजे काय, तुला बापच नव्हता? मी काय रस्त्यावरून उचलून आणली तुला? देवळात लग्न लागलंय माझं. नाव पाहिजे. नाव पाहिजे आणि क्रूस पाहिजे." मग जरा थांबून, "माझ्या नावापुढे नाही ना पडला एखादा?"

"नाही गं."

"नीट बघ. तुझं काय, तू नुसतं बघतेस. वाचत नाहीस."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य तिथेच बसून राहिलं. आई हे नेहमीच म्हणायची. चिठ्ठीत साबण लिहिला असताना हासिंता चिठ्ठीचं अक्षर बघत साबणाशिवाय परत यायची, तेव्हापासून म्हणायची. पण हासिंताला आज पहिल्यांदा वाटलं, की आपला हा गुण, ज्यावर आपण जगलो, ज्याच्या जोरावर कुणासमोर मान खाली घातली नाही, तो कदाचित गुण नसेलच. न वाचण्याची एक सोय असेल. अकरा वर्षांची होती तेव्हा बाबा उत्तरेकडे, शिकागोला गेले. सगळेच जात होते, त्यात विशेष काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता, तिथे रविवारी फोन यायचा, दुकानदार पोऱ्यासारखा धावत येऊन दार वाजवायचा. मग रविवारचे महिन्याचे झाले, महिन्याचे नाताळचे झाले. कुठल्या तरी टप्प्यावर आईनं फोनवर जाणं बंद केलं. का, ते पुएब्लाच्या ओफेलिया आत्याला माहीत होतं, आणि ओफेलिया आत्याशी आई आजीच्या मयतात जी भांडली ती आजतागायत बोलली नव्हती. हासिंता हे सगळं बघत होती. आईच्या बोलण्यातून एक माणूस कसा बारीक बारीक होत जातो आणि मग नुसता "तो" उरतो, हे तिनं बघितलं होतं. त्याचा अर्थ लावायला मात्र ती कधी बसली नव्हती.

पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा तिचा झालाच नाही. आई म्हणाली, बापानं मुलीबरोबर नाचायचा तो वाल्ट्झ कोण नाचणार तुझ्याबरोबर? मामा तयार होता, आईनं नाही म्हटलं. त्या दिवशी बाबांचा फोन आला. औषधाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, आणि बाबा पलीकडून म्हणाले, मिहा, पोरी, नाच, मी म्हणतोय. आणि त्यांनी खरोखरच वाल्ट्झ गुणगुणायला सुरुवात केली. लाईन खराब होती, सूर मधेच बुडायचा आणि पुढच्या तालावर वर यायचा. हासिंता रिसिव्हर घट्ट धरून सरळ उभी होती. तिची मान तापली होती. दुकानदार मुद्दाम बाटल्या पुसत होता. "नाचतेस ना?" बाबांनी विचारलं. "हो," ती म्हणाली, आणि गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलेल्या डोकेदुखीच्या गोळ्यांच्या जाहिरातीतलं मोठं लफ्फेदार अक्षर बघत राहिली. ते अक्षर तिला अजून जसंच्या तसं काढता आलं असतं. त्या वेळी आपल्याला काय वाटलं होतं ते मात्र आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचं आज, या कठड्यावर, तिखट जिभेवर असताना, तिला विलक्षण वाईट वाटलं.

शेवटचा फोन आला तेव्हा ती तेहतीस-चौतीस वर्षांची असेल. फॉन्ट नुकताच पुरा झाला होता. बाबांनी विचारलं, काय काम करतेस? ती म्हणाली, अक्षरं काढते. कुणासाठी? लग्नांसाठी. ते खूप हसले. लग्नांना अक्षरं लागतात हे त्यांना खरंच गमतीचं वाटलं असावं. त्यानंतर काही नाही. तेरा-चौदा वर्षं. ते गेले असते तर ओफेलिया आत्यानं कळवलं असतं की नसतं? कळवलं असतं. नसतंही. आईशी भांडण म्हणजे आईच्या पोरीशीही भांडण, असं पुएब्लाकडे मानतात. एक फोन केला तर सगळं कळणार होतं, आणि तो एक फोन हासिंतानं इतकी वर्षं केला नव्हता, कारण जोवर विचारलं नाही तोवर बाप जिवंतही होता आणि मेलेलाही, आणि दोन्हींचा तिला त्रास होत नव्हता. दॉन लिब्रादोनं बिचाऱ्यानं काय केलं, तर त्या अवस्थेला एक खूण दिली, आणि ती खूण पानावर शोभून दिसली.

समोरच्या कमानींत लोकांची पत्रं, अर्ज लिहून देणारे टाइपरायटरवाले टेबलं मांडून बसले होते. एक म्हातारी एकाला काहीतरी सांगत होती आणि तो न बघता टकटकत होता, मधेच तो थांबला, तिच्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, असं लिहू का की तो गेला, की असं लिहू की त्याला घालवलं?" म्हातारी म्हणाली, "तुला काय करायचंय? मी सांगते तसं लिही." हासिंताला ती म्हातारी फार आवडली. आपल्याला नेमकं हेच येतं, तिनं स्वतःला बजावलं. काय लिहायचं ते आपण ठरवतो, दुसऱ्यानं टाकलेली खूण आपण पास करत नाही. आज केली. करायला नको होती. तिनं पेल्यातली शेवटची फोड खाल्ली, बोटं पुसली आणि ओफेलिया आत्याचा नंबर काढला.

"आत्या, हासिंता बोलतेय."

"ओळखलं. तुझ्या आवाजात तुझी आजी आहे."

"आत्या, पपा..."

"नंबर पाहिजे ना? लिहून घे." आत्यानं तो पाठ म्हणून दाखवला, सावकाश, दोनदा. "मी वाटच बघत होते गं. कोण आधी मागतंय, तू की तुझी आई. आता मला काही विचारू नकोस, त्यालाच विचार. आणि आईला सांग, माझ्या भाच्याच्या लग्नाला ती आली नाही ते मी विसरलेले नाही."

नंबर दिला म्हणजे माणूस होता. हासिंता उभी राहिली, पुन्हा बसली. मग तिनं नंबर फिरवला तो एकदाही न चुकता फिरवला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

"बोला."

"फेर्मीन ओल्वेरा आहेत का?"

"आहे की. अजून तरी आहे. कोण?"

"हासिंता."

एक मोठी शिंक, मग आणखी एक, मग रुमालात जोरजोरात नाक शिंकरल्याचा आवाज, बराच लांबलेला.

"रडत नाहीये हं," बाबा म्हणाले. "सर्दी झालीय. भलतं समजू नकोस." मागे कुणी बाई विचारत होती, कोणाचा फोन आहे, आणि त्यांनी तोंड बाजूला न करताच सांगितलं, "माझ्या मुलीचा." जराही न चाचरता सांगितलं. ती बाई गप्प झाली आणि कुठलंसं दार लागलं. "बोल, मिहा. कुणी गेलं का?"

"नाही. माझं लग्न आहे."

"तुझं? आत्ता?"

"आत्ता नाही, मेमध्ये."

"तसं नाही, म्हणजे..." त्यांनी मनात हिशेब केला असावा. "चांगलं झालं. काय करतो?"

"जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग माणूस चांगला असणार. वाईट असता तर एव्हाना लाथा बसल्या असत्या." ते हसले आणि त्यांना खोकला आला. तेच हसू. ती ते ओळखून गेली याचं तिला नवल वाटलं नाही. आपण ते इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचं नवल वाटलं.

"पपा, पत्रिकेवर तुमच्या नावापुढे क्रूस पडलाय."

पलीकडचं हसू आणि खोकला दोन्ही थांबले.

"कुणी टाकला?"

"छापखानेवाल्यानं. त्याला वाटलं. पण सही मी केली. माझ्या लक्षात आलं नाही."

"ओर्तेन्सिया काय म्हणते?"

"राहू दे म्हणते."

"मग राहू दे, मिहा." त्यांचा आवाज एकदम समजूतदार झाला, बसमधल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे तसा. "मी काही येऊ शकत नाही. कागद नाहीत माझ्याकडे, आलो की परतीचं दार बंद. तुझ्या आईला लोकांना उत्तरं द्यायला नकोत, तुला नकोत. मेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, कुठे होतास म्हणून. सगळ्यांना सोपं जाईल." मग जरा थांबून, "दिसतं कसं? पान?"

"पान?"

"हो, ते तुझं अक्षर. माझं नाव त्यात कसं दिसतं?"

"फार सुंदर दिसतं."

"आणि तो क्रूस?"

हासिंता खोटं बोलू शकली असती. "तोही," ती म्हणाली.

"मग झालं तर. मग कशाला बिघडवतेस?"

हे ऐकलं आणि तिला राग आला. खरा, अंगभर आलेला, स्वच्छ राग. इतक्या वर्षांत बाबांवर असा राग तिला कधी आला नव्हता, कारण रागवायला माणूस समोर लागतो. तिला कळलं की हा माणूस वाल्ट्झ गुणगुणला तेव्हाही असाच सोपं करत होता. आणि आपण "हो" म्हटलं तेव्हा आपणही. आई खांद्यावरच्या हातावर भागवते तेव्हा तीही. घरातलं प्रत्येक जण दुसऱ्याला सोपं करून देत आलं होतं, आणि त्या सोपेपणात पस्तीसएक वर्षांत एक माणूस हळूहळू पुसला गेला होता.

"पपा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला, "या किंवा येऊ नका. नाही येता येत, कळलं मला. पण मी तुम्हाला मारणार नाही. पान बिघडलं तर बिघडलं. लोक विचारतील, पपा कुठे आहेत, आणि मी सांगेन, शिकागोला आहेत, मला हवे होते, आले नाहीत. आईही सांगेल. तुम्हालाही तिथे बसून ते माहीत असू दे. एवढं तुम्हाला सोसावं लागेल."

पुन्हा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"सर्दी," बाबा म्हणाले.

"हो," हासिंता म्हणाली. "औषध घ्या. मी रविवारी फोन करते."

ती दुकानात शिरली तेव्हा दॉन लिब्रादोच्या दातात काडी होती आणि यंत्राजवळ कोऱ्या कागदांची चळत लावून ठेवलेली होती. तिनं प्रूफ मागितलं, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि क्रूसाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "हा काढा."

काडी खाली पडली. "देवा रे! मायेस्त्रा... म्हणजे ते...?" त्यानं घाईघाईनं कपाळाला, छातीला हात लावला. "आई शप्पथ, मला वाटलं... इतकी वर्षं..."

"सगळ्यांनाच वाटलं होतं, दॉन लिब्रादो. मलाही. त्यात तुमचं काही चुकलं नाही."

त्यानं क्रूस झाकायला पानावर अंगठा ठेवला, मान तिरकी केली, आणि त्याचाही डोळा शेवटी छापखानेवाल्याचाच. "पण मग ही बाजू हलकी पडते हो. नाव थोडं मोठं करू? नाहीतर शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवू का, तुमच्या फॉन्टात आहे तशी एक?"

हासिंतानं पाहिलं. हलकी पडत होती खरी. आखूड ओळ, मग उघडी जागा, उजवीकडे दोन क्रूस. डोळ्याला ते टोचत होतं आणि टोचत राहणार होतं, प्रत्येक पत्रिकेवर, प्रत्येक पाहुण्याच्या हातात. तिनं ती ओळ या वेळी वाचली. फेर्मीन ओल्वेरा पास.

"काही करू नका," ती म्हणाली. "ती बाजू हलकीच आहे." आणि नवीन प्रूफ निघेपर्यंत तिथेच उभी राहिली, अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं, आईचं नाव, बाबांचं नाव, सासूसासऱ्यांची नावं, तारीख, देऊळ, आणि मगच सही केली.

आईला तिनं कमानींखालूनच फोन लावला, यंत्र सुरू झाल्यावर. "क्रूस काढला," तिनं सांगितलं.

मागे नळ वाहत होता. तो बंद झाला. "ओफेलियाला फोन केलास," आई म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"केला."

खुर्ची ओढल्याचा आवाज. आई बसली असावी. आई फोनवर बोलताना कधी बसत नसे.

"आहे?"

"आहे. सर्दी झालीय."

हासिंता वाट बघत राहिली. आता ओरडेल, आता फोन ठेवेल, आता ओफेलियाचा उद्धार करेल.

"टोपी घालत नसणार," आई म्हणाली. "तिथे एवढी थंडी. कितीदा सांगितलं त्याला."